बिनशिक्क्याचं हाड

किरनापूरच्या आठवडी बाजारात अडीचशे ग्रॅम लसूण घेतलात, तरी ज्या लोखंडी वजनानं तो तोलला जातो त्याच्या पोटात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का असतो. तो शिक्का दर दोन वर्षांनी पुन्हा मारून घ्यावा लागतो. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर दर वर्षी. शिक्का जुना निघाला तर दुकानदारावर खटला होतो. माझी सगळी नोकरी हे शिक्के तपासण्यात गेली. मध्य प्रदेशात आमच्या खात्याला नापतौल म्हणतात. निवृत्तीनंतर मी स्वस्थ बसणार होतो, पण मध्यंतरी आमच्या घरातल्या हाडांचं मोजमाप झालं आणि माझ्या लक्षात आलं की ह्या देशात लसणाला जे कायदेशीर संरक्षण आहे ते माणसाच्या हाडाला नाही.

त्याचं असं झालं की एका औषध कंपनीनं आमच्याकडे शिबिर भरवलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यांनी लिंबूपाणी चांगलं दिलं होतं. फलकावर हिंदीत 'निःशुल्क अस्थि घनत्व जाँच शिविर' लिहिलेलं, यंत्रातून निघणारी चिठ्ठी इंग्रजीत, ती समजावून सांगणारा टाय घातलेला पोरगा पोवारी बोलणारा, आणि घरी आल्यावर त्या चिठ्ठीवर आम्ही नवराबायको भांडलो ते मराठीत. भाषेविषयी माझी तक्रार नाही. बाघ नदीच्या पलीकडे गोंदिया आणि अलीकडे बालाघाट, अशा ठिकाणी राहणाऱ्याला ती चैन परवडत नाही. १९५६ साली आमच्या वडिलांच्या पिढीची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि त्याच साली शेर-छटाक मोडीत काढून मेट्रिक वजनं आणणारा कायदाही झाला. दोन्ही गोष्टी त्यांनी निमूटपणे सोसल्या. तेव्हा एवढंतेवढं मनाला लावून घेण्याची आमची पद्धत नाही. माझी तक्रार यंत्राविषयी आहे.

यंत्रात टाच ठेवतात. दोन्ही बाजूंनी गार जेल लावलेल्या गाद्या येऊन टेकतात, आणि टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी पलीकडे जायला किती वेळ लागतो, वाटेत किती विरतात, हे मोजलं जातं. ह्यात क्ष-किरण नसतात, दुखत नाही, मिनिटभरात चिठ्ठी हातात. आमच्या मंडळींची चिठ्ठी लाल पट्ट्यात, उणे २.६. माझी हिरव्या पट्ट्यात. मी टायवाल्या मुलाला सवयीनं विचारलं, "ह्या यंत्राची पडताळणी कधी झाली?" तो म्हणाला, रोज करावी लागते. त्यासाठी एक ठोकळा असतो, त्याला फँटम म्हणतात. त्याचं मोजमाप ठरलेलं असतं, तो आधी यंत्रात ठेवून पाहायचा आणि मगच माणसाचा पाय घ्यायचा. व्यवस्था उत्तम आहे, आमच्या खात्यापेक्षा कडक. फँटम दाखवा म्हटलं तर म्हणाला, "तो बालाघाटलाच राहिला, काकाजी."

बाजारात एखाद्या दुकानदारानं मला असं उत्तर दिलं असतं तर त्याचा काटा मी जीपमध्ये घातला असता. इथं माझ्या हातात लिंबूपाणी होतं.

घरी आल्यावर उणे २.६ म्हणजे कशाचे उणे, हा प्रश्न निघाला. मी पुस्तकं चाळली, भाच्याला फोन केले आणि उलगडा झाला तो असा. हा आकडा म्हणजे टी-स्कोअर. तो ग्रॅममध्येही नसतो आणि मीटरमध्येही नसतो. आपलं हाड तरुण, निरोगी बायकांच्या सरासरी हाडापासून किती प्रमाण विचलन खाली आहे, एवढंच तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली रेघ आखली, ती अशी: उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली अस्थिविरळता, आणि मधल्या पट्ट्यातल्यांनी काळजी करत राहायचं. खुब्याच्या हाडासाठी ज्या तरुण बायका जगभर प्रमाण मानल्या जातात त्या अमेरिकेतल्या आहेत, गोऱ्या, वीस ते एकोणतीस वयाच्या, तिथल्या १९८८ ते १९९४ च्या सरकारी आरोग्य पाहणीत मोजलेल्या.

हे मी जेवताना वाचून दाखवलं. मंडळींनी हातातला घास खाली ठेवला.

"हे पोरगी कोन हाये?"

मी म्हटलं, ती एक नाही, अनेकींची सरासरी आहे.

"रोवण्याले जाते का ते?"

जात नसावी, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. आमच्या मंडळींनी चिखलाच्या बांधीत कमरेत वाकून चिन्नोर धानाचा रोवणा केला आहे, डोक्यावर भारे वाहिले आहेत, तीन बाळंतपणं केली आहेत. त्यांची तुलना जिच्याशी होते ती मुलगी आज पन्नाशी ओलांडून साठीकडे निघाली असेल आणि स्वतःच कुठंतरी स्वतःच्याच तरुणपणाशी तोलली जात असेल, हा विचार मी बोलून दाखवला. त्यानं घरात कुणाचंच समाधान झालं नाही.

शिवाय उणे २.५ ची ती रेघ टाचेच्या यंत्रासाठी नाहीच. ती क्ष-किरणांच्या दोन किरणपुंजांनी कणा आणि खुबा मोजणाऱ्या मोठ्या यंत्रासाठी आहे, ज्याला डेक्सा म्हणतात. टाचेच्या आकड्याला ती रेघ लावू नये, असं ह्या क्षेत्रातले जाणकार स्पष्ट सांगतात. टाचेचा आकडा फार तर 'मोठ्या यंत्राकडे जाऊन या' एवढं सुचवू शकतो. चिठ्ठीवर मात्र रेघ होती, पट्टे होते, लाल रंग होता, आणि मागच्या बाजूला कॅल्शियमच्या गोळ्यांची जाहिरात होती. जाहिरातीची छपाई चांगली होती.

आता खरी गोम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१० साली भारतीय तरुण-तरुणींची हाडं मोजून आपलं स्वतःचं प्रमाण काढलेलं आहे. लहान मुलांसाठीही आहे. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या आवारातल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी पाच ते सतरा वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी डेक्साचे तक्ते तयार केले, ते २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आमच्या नातीला तिच्या देशाचं माप आहे. आजीलाही आहे, पण ते वापरायचं की अमेरिकन वापरायचं ह्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. भारतीय माप लावलं की अस्थिविरळता असलेल्या बायकांची संख्या कमी भरते, अमेरिकन लावलं की वाढते. बाई तीच, हाड तेच, यंत्र तेच. एकाच दुकानात एकमेकांशी न जुळणाऱ्या वजनांचे दोन संच ठेवणं हा आमच्या कायद्यात गुन्हा आहे आणि त्यासाठी मी माणसं कोर्टात उभी केली आहेत. वैद्यकात त्याला 'संदर्भ-माहितीसंचाची निवड' म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात.

त्यातून डेक्साची घनताही घनता नसते. आठवीतल्या पोरालाही माहीत असतं की घनता म्हणजे ग्रॅम भागिले घन सेंटीमीटर. डेक्सा सांगतं ग्रॅम भागिले चौरस सेंटीमीटर. यंत्राला हाडाची सावली दिसते, जाडी दिसत नाही, म्हणून मागची खोली हिशेबातून सुटते. परिणाम असा की एकाच प्रतीचं हाड मोठ्या चणीच्या माणसात जास्त घन दिसतं आणि लहान चणीच्या माणसात कमी. आमच्याकडच्या बायका चणीनं लहान. तेव्हा तुलना गोऱ्या मुलीशी, आणि मोजायची पट्टीही तिच्या उंचीला मानवणारी. मी काही आरोप करत नाही. मी फक्त ओळीनं मांडतो आहे.

इथवरच्या तक्रारी मी गिळल्या असत्या. पण मग कळलं की जे एवढ्या खटपटीनं मोजतात, ते हाड मोडेल की नाही ह्या प्रश्नाचं उत्तरच नाही. अर्धं उत्तर आहे. घनता कमी तर धोका जास्त, हे ठोकळमानानं खरं. पण उलट बाजू खरी नाही.

यॉर्कच्या जॉन करी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १९७९ साली तीन हाडं शेजारी ठेवून तपासली: हरणाचं शिंग, गाईच्या मांडीचं हाड आणि देवमाशाच्या कानातलं हाड. खनिज सर्वांत कमी शिंगात, सर्वांत जास्त देवमाशाच्या कानात. चिवटपणाचा क्रम बरोबर उलटा. शिंग सहजासहजी मोडत नाही, कारण नर एकमेकांवर आदळतात तेव्हा ते टिकावं लागतं. कानातलं हाड ताठ आणि ठिसूळ, कारण त्याला फक्त ऐकायचं असतं. आमच्या जिल्ह्यात कान्हाच्या जंगलात बारशिंगे आहेत, राज्याचा प्राणी म्हणून त्यांचा मान आहे. दर वर्षी गळून पडणारं ते शिंग खनिजाच्या हिशेबानं चिठ्ठीवर लालच्याही खालच्या पट्ट्यात गेलं असतं आणि त्याला कॅल्शियमच्या गोळ्या सांगितल्या असत्या. देवमाशाच्या कानाला हिरवी चिठ्ठी मिळाली असती.

देवमासा लांबचा वाटत असेल तर फ्लोराइड घ्या. शेजारच्या मंडला जिल्ह्यात, पलीकडे चंद्रपूर-यवतमाळकडे कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते हाडात शिरून बसतं, हाड क्ष-किरणात पांढरंशुभ्र आणि दाट दिसतं, आणि माणूस वाकतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हेच फ्लोराइड औषध म्हणून देऊन पाहिलं होतं. १९९० साली निष्कर्ष छापला: कण्याची घनता ३५ टक्के वाढली, मणके मोडण्याचं प्रमाण लक्षात येईल असं कमी झालं नाही, आणि बाकीची हाडं मोडण्याचं वाढलं. यंत्राच्या दृष्टीनं रुग्ण बरे झाले होते.

आणि माझी हिरवी चिठ्ठी? मला शुगर आहे. शुगरवाल्यांची हाडं डेक्सात चांगली, कधी तर इतरांपेक्षा दाट दिसतात, आणि मोडतात मात्र जास्त. ही माहिती मिळाल्यापासून ती चिठ्ठी मी कपाटात उलटी ठेवली आहे.

मग हाडाची मोडायला विरोध करण्याची ताकद खरोखर कुणी मोजतं का? मोजतात. माझा भाचा नागपूरला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. करतो आणि त्याचा प्रकल्प नेमका हाच आहे. मी त्याला अभिमानानं विचारलं, कसं मोजतोस? म्हणाला, "मोडून, मामाजी."

पद्धत अशी. आधी हाड मिळवायचं. परदेशी निबंधांत बैलाच्या मांडीचं हाड असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाची कत्तलही बंद आहे, म्हणून हा म्हशीचं आणतो. खाटकाला जनावराचं वय विचारलं की तो म्हणतो "जवानच होती", आणि प्रबंधात तसं लिहिता येत नाही. हाड ताजं हवं. शिजवलेलं चालत नाही, म्हणून आमच्याकडच्या सावजी मटणाच्या नळ्या ह्या शास्त्राला निरुपयोगी आहेत. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेलं चालत नाही. आणलं की मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या जाळीदार पट्टीत गुंडाळून उणे वीस अंशांवर ठेवायचं. वाळलेलं तर अजिबात चालत नाही, कारण हाड सुकलं की ताठ होतं आणि ठिसूळही होतं. "सुकलं का आकडा गेला, मामाजी." म्हणून कापतानाही त्यावर पाण्याची धार धरतात, हिऱ्याच्या पात्याची करवत हळूहळू फिरवतात आणि काही मिलिमीटर जाडीची चौकोनी कांडी काढतात. फ्रीज वसतिगृहातला सामायिक आहे. पाकिटावर 'खाऊ नये' असं लिहावं लागलं.

मग त्या सरळ, गुळगुळीत, ओल्या कांडीला मुद्दाम खाच पाडतात. खाचेचं टोक दाढीच्या पात्याला हिऱ्याची भुकटी लावून घासत आणखी धारदार करतात. म्हणजे जी चीर पडू नये म्हणून सगळा जन्म काळजी घ्यायची, ती आपल्या हातानं पाडायची. कांडी दोन रुळांवर आडवी ठेवतात आणि मधोमध, खाचेच्या बरोबर विरुद्ध बाजूनं, तिसरा रूळ दाबत आणतात. यंत्र बळ मोजतं, वाक मोजतं, चीर किती सरकली ते सूक्ष्मदर्शकातून पाहतात. शेवटी कड असा आवाज येतो आणि भाचा वहीत आकडा लिहितो.

चिवटपणाचा हा आकडा कशात असतो, हे मी विचारायला नको होतं असं घरच्यांचं मत आहे. तो असतो मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ. मीटरचं वर्गमूळ! मी मीटरच्या पट्ट्यांवर शिक्के मारले आहेत. कापडदुकानातली पट्टी दोन मिलिमीटर आखूड निघाली म्हणून पंचनामे केले आहेत. कुणीही, कधीही, कुठल्याही कापडवाल्यानं मला मीटरच्या वर्गमुळाचा शिक्का मागितलेला नाही. भाचा समजावतो की ग्रिफिथ नावाच्या इंग्रजानं पहिल्या महायुद्धानंतर काच का फुटते ह्याचा विचार केला आणि त्याला दिसलं की वस्तू तिच्या ताकदीपेक्षा तिच्यातल्या चिरेमुळे मोडते. चीर जितकी लांब तितका तिच्या टोकापाशी ताण जास्त, पण तो लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पुढे १९५७ साली अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या अर्विननं त्याला आजचं रूप दिलं. तेव्हापासून हे वर्गमूळ आहे आणि काढता येत नाही. ह्या मापानं साधी काच एकाच्याही आत भरते, चांगलं पोलाद पन्नासच्या पुढे, आणि हाड मधे कुठंतरी, दोनपासून दहापर्यंत, काही प्रयोगांत त्याच्याही पुढे. कुठं नेमकं, ते कुणाला विचाराल त्यावर अवलंबून.

कारण हाडाला दिशा असते. उभं चिरायला सोपं, आडवं तोडायला कठीण. बालाघाटच्या जंगलातला बांबू बुरडाच्या कोयत्याखाली जसा सरळ फाटत जातो पण आडवा तोडायला घाव घालावे लागतात, तसं. हाडात बारीक नळ्यांच्या जुड्या उभ्या रचलेल्या असतात, प्रत्येकीभोवती सिमेंटसारखी रेघ. चीर आडवी निघाली की ह्या रेघांवर येऊन वळते, पिळते, बाजूला भरकटते आणि दमते. उभी निघाली की त्याच रेघांच्या कडेनं मजेत चालू लागते. बर्कलेच्या रॉबर्ट रिची यांच्या गटानं २००८ साली मोजलं: माणसाच्या हाडात चीर जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकेपर्यंत तिला आडवं पुढं ढकलायला लागणारा जोर उभ्यापेक्षा पाच पटींहून जास्त झालेला असतो. पुढं सरकावं तसा विरोध वाढत जातो. म्हणून एक आकडा देऊन भागत नाही, अख्खी वक्ररेषा काढावी लागते. मला ही माहिती आवडली, हे कबूल करतो. शरीरात एक तरी वस्तू अशी आहे की जी नुकसान सुरू झाल्यावर जास्त अडून बसते.

पण आनंद टिकू देतील तर शपथ. त्याच गटानं २००४ साली चौतीस ते नव्व्याण्णव वयाच्या माणसांची हाडं तपासून सांगितलं होतं की चिरेला सुरुवातीलाच अडवण्याची ताकद चाळिशीपासून शंभरीपर्यंत सुमारे ४० टक्के घटते, आणि ते पुढचं अडून बसणं तर जवळपास संपतं.

मी भाच्याला म्हटलं, ठीक, निदान ह्या मोजणीला मानक असेल. मानक आहे. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेचं ई-३९९, धातूंसाठीचं. हाडवाले तेच उसनं घेतात. त्यात अट अशी की नमुना पुरेसा जाड हवा. किती जाड, त्याचं सूत्र आहे: चिवटपणाचा आकडा भागिले ताकद, त्याचा वर्ग, गुणिले अडीच. मी भाच्याकडून आकडे घेतले, हाडाची ताकद १२० आणि चिवटपणा १० धरला, आणि कागदावर गणित केलं. सतरा मिलिमीटरहून जास्त जाडी लागते. माणसाच्या मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत दणकट, पण त्या नळीची भिंत सहा-सात मिलिमीटर. म्हणजे मानकानुसार तपासणीला पात्र ठरेल असं हाड माणसाजवळ नाहीच. मग दुसरं मानक घेतात, त्यात जाडीची अट सौम्य आहे आणि गणित कठीण आहे. भाच्यानं ते दाखवायला घेतलं तेव्हा वीज गेली. ह्या एका बाबतीत वीज कंपनीविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

जिवंत माणसासाठी काहीच नाही असंही नाही. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या पॉल हान्स्मा यांनी एक हातयंत्र काढलं. नडगीवर थोडी भूल देऊन त्याची सुई हाडापर्यंत नेतात, एक ठोका, आणि सुई हाडात किती मायक्रॉन रुतली ते पाहतात. कमी रुतली तर हाड चांगलं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१० साली ह्याच्या आधीच्या रूपातलं यंत्र माणसांवर वापरून दाखवलं, आणि पुढं मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी शुगरवाल्यांच्या हाडातली खोट ह्या सुईनं दाखवली, जी डेक्साला दिसत नव्हती. मी हे वाचून खूश झालो. मग आकडा कसा काढतात ते वाचलं. तीच सुई प्लास्टिकच्या ठोकळ्यातही मारतात, आणि प्लास्टिकमध्ये किती रुतली भागिले हाडात किती रुतली, गुणिले शंभर. ठोकळा ॲक्रिलिकचा, मोटारींचे दिवे आणि दुकानांच्या पाट्या करतात त्यातला. मंडळींना हे सांगितलं नाही. अमेरिकन मुलीपर्यंत त्यांनी सहन केलं होतं.

ह्या सगळ्यात सर्वांत बोचतं ते यंत्राचं सौजन्य. तिसरा रूळ मिनिटाला मिलिमीटरभर किंवा त्याहून हळू खाली येतो. हाडाला विचार करायला वेळ मिळतो. आमच्याकडे हाडावर येणारा भार असा वागत नाही. रस्त्यात मुलांनी परस्पर बांधलेला, पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक येतो आणि मोटारसायकलवर मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई क्षणात खाली असते. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरतो तो बाजूला, खुब्यावर. म्हाताऱ्या माणसाचा खुबा बहुतेक वेळा असाच मोडतो, उभ्या उंचीवरून, कडेला पडून. भार झटक्यानं आला की हाडाची चीर अडवायची ताकद आणखी कमी होते, हेही प्रयोगशाळांनीच दाखवलेलं आहे. पडल्यावर आधी कुणीतरी कांडवेल वाटून लावतो, मग कुणीतरी हाडवैद्याकडे नेऊया म्हणतो, मग नातेवाइकांत गोंदिया की बालाघाट ह्यावर चर्चा होते. ह्या चर्चेचा वेग मिनिटाला मिलिमीटरभर असतो.

मी शिबिरवाल्या कंपनीला रीतसर पत्र लिहिलं: फँटमची तारीख, यंत्राचा क्रमांक, कुठला संदर्भसंच वापरला, लाल पट्टा कुणी ठरवला. उत्तर म्हणून गोळ्यांचा एक नमुना-डबा आला. त्यावर निव्वळ वजन, गोळ्यांची संख्या, उत्पादनाचा महिना, किंमत सर्व करांसह, सगळं नियमानुसार अचूक छापलेलं होतं. त्यात मला एकही दोष काढता आला नाही, आणि तो दिवस फार जड गेला.

भाच्यानं मध्यंतरी अदबीनं एक प्रस्ताव ठेवला आहे. म्हशींवरून माणसावर जायचं तर माणसाचं हाड लागतं, आणि सत्तरीच्या पुढचं, शुगर असलेलं, आयुष्यभराच्या नोंदींसकट मिळणारं हाड दुर्मीळ. "तुमचं झाल्यावर, मामाजी. घाई नाई." मी तत्त्वतः होकार दिला. मोडून का होईना, खरा आकडा निघेल आणि तो वहीत चढेल. मंडळींनी विचारलं, तो आकडा आल्यावर सांगणार कुणाला? त्यावर भाच्यानं निबंध छापून येतो असं सांगितलं.

अडचण पुढेच आहे. देहदान केलं तर मेडिकल कॉलेजात देह टिकवायला फॉर्मॅलिन वापरतात, आणि फॉर्मॅलिन लागलं की हाड बाद. म्हणजे आधी मांडीचं हाड वेगळं काढून, ओल्या पट्टीत गुंडाळून, गोठवून नागपूरला पोचवायला हवं. किरनापूरहून बाघ नदी ओलांडून गोंदिया, तिथून गाडीनं नागपूर. उन्हाळा असला तर कठीणच. भाचा म्हणतो, गोंदियाला मासळी बर्फात भरून पाठवणारे व्यापारी आहेत, त्यांची थर्माकोलची पेटी मिळेल. मी मासळीबाजारातले काटे पाहिलेले आहेत, पण तो विषय वेगळा. पेटीचं भाडं आणि बर्फाचा खर्च कुणाकडे, एवढं मला महाविद्यालयाकडून लेखी हवं आहे. पत्र पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही.